मागच्या खोलीचं हमीपत्र

गिनीपिगांना थंडी किती वाजते हे मला आजतागायत कुणी खात्रीलायक सांगितलेलं नाही. पशुवैद्यांनी एक सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांनी दुसरंच, आणि खुद्द गिनीपिगांना विचारावं तर कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, "वीऽऽक!" त्या हिवाळ्यात मला किती थंडी वाजली, हे मात्र मी शपथेवर सांगू शकते. आता माझी ऐंशी उलटली. काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण तो हिवाळा तारीखवार आठवतो.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. बायका वय सांगत नाहीत म्हणतात, पण इथे सांगणं भाग आहे, कारण सगळं त्या वयावरच अडलं होतं. नोंदणी कार्यालयात कारकून म्हणून मला एकोणीस वर्षं झाली होती आणि मुख्य कारकुनाच्या परीक्षेला बसायची मर्यादा होती पंचेचाळीस. म्हणजे येत्या फेब्रुवारीतली परीक्षा ही माझी शेवटची. आधी दोनदा फॉर्म भरूनही परीक्षा राहिली होती. एकदा चिमीचा जन्म झाला म्हणून, आणि एकदा सासूबाईंचा पाय मोडला म्हणून. या खेपेला मी घरात सर्वांना समोर बसवून जाहीर केलं, की नोव्हेंबरपासून मागची खोली माझी.

मागची खोली म्हणजे अंगणाच्या बाजूची, एक खिडकी, एक टेबल आणि एक विजेची शेगडी एवढंच मावणारी. पण तिला आतून कडी होती. लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि जिथे बसून मला आतून कडी लावता येईल अशी जागा (न्हाणीघर सोडून) पहिल्यांदाच मिळत होती. मी पुस्तकं मांडली, पेन्सिलींना टोकं केली, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी काही वाचलंच नाही. नुसती कडी लावून बसले.

ती खोली मला अकरा दिवस मिळाली.

बाराव्या दिवशी सकाळी चिमी अंगणातून आत आली. हातात बर्फाची गोल चकती होती, ताटलीएवढी. गिनीपिगांच्या पाण्याच्या भांड्यात रात्रीतून जमलेली. पाच गिनीपिग होते तिचे. आमच्या ह्यांनी कपड्यांचं जुनं कपाट आडवं करून, त्याला जाळी ठोकून अंगणात त्यांचं घर बनवलेलं. हवालदार, ठिपकी, रुसकी, आणि दोघं इतके सारखे की त्यांना एकत्रच 'दोघं' म्हणायचे. चिमीने ती चकती माझ्या टेबलावर, नियमावलीच्या पुस्तकाशेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. रडली असती तर समजूत काढता आली असती. हट्ट केला असता तर रागावता आलं असतं. दहा वर्षांच्या मुलीने नुसतं बघत राहावं, याला आईजवळ उपाय नसतो.

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," हे म्हणाले. "थंडीची लाट आहे. ओसरली की परत बाहेर."

हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. शहराखालून कोणता नळ कुठे जातो ते ह्यांना झोपेत विचारलं तरी सांगत, पण कोणती गोष्ट किती दिवस चालेल याचा अंदाज उभ्या आयुष्यात एकदाही बरोबर आला नाही.

तेवढ्यात कंपाउंडर खाली आले. कंपाउंडर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि औषध देता येत नाही म्हणून ते सल्ला देत. बर्फाच्या चकतीवर त्यांनी बोट टेकवून पाहिलं, जणू तिलाच ताप आहे.

"वहिनी, प्राणी नाकाने जातो," ते गंभीरपणे म्हणाले. "नाक गार पडलं की संपलं. त्यांना आतच घ्या. पण एकदम ऊब देऊ नका. एकदम ऊब दिली तरी जातात."

"मग कशी द्यायची?" चिमीने विचारलं.

"हळूहळू. पण लवकर."

सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "मला सहा वर्षं झाली, गुडघ्याला गार लागतंय म्हणून सांगतेय. कुणी नाही आत घेतलं."

त्या आतच राहत होत्या, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

इथवर जे झालं ते कुणाच्याही घरी झालं असतं. पुढचं केवळ माझ्यामुळे झालं, आणि त्याची जबाबदारी मी आज चाळीस वर्षांनीही दुसऱ्यावर ढकलत नाही. आम्ही राहायचो ते ह्यांच्या खात्याच्या वसाहतीत. वसाहतीचा नियम नऊ असा होता, की अंगणात पाळीव जनावर ठेवण्यास हरकत नाही, खोलीत ठेवायचं तर वसाहत कार्यालयाची लेखी परवानगी हवी. हा नियम वसाहतीतल्या साठ घरांपैकी कुणालाच माहीत नव्हता. समोरच्या घरात तर कासव, पोपट आणि एक मेंढीचं पिल्लू असं सगळं बिनपरवाना नांदत होतं. नियम माहीत होता फक्त मला, कारण घर ताब्यात घेताना दिलेली ती छापील पुस्तिका सगळी वाचणारी मी एकटीच.

"अगं, कोण विचारतंय?" हे म्हणाले. "पाच गिनीपिग आहेत. हत्ती नाहीत."

"विचारतंय कोण हा प्रश्न नाही. विचारलं तर काय दाखवणार, हा प्रश्न आहे."

एकोणीस वर्षं हेच वाक्य मी काउंटरच्या आतून लोकांना ऐकवत आले होते. ते मी स्वतःला ऐकवलं आणि अर्ज लिहायला बसले. चांगला झाला होता अर्ज. विषय, संदर्भ, मजकूर, सगळं जागच्या जागी. त्या दिवशी मी एक फाइल जन्माला घातली, आणि फाइल एकदा जन्मली की तिला गिनीपिगांपेक्षा जास्त खायला लागतं.

परवानगी यायची तेव्हा येईल, तोवर जीव वाचवायला म्हणून कपाट आत आणायचं ठरलं. ह्यांनी आधी दाराची मापं घेतली, कपाटाची मापं घेतली, आणि त्याचा रीतसर नकाशा काढला, वरून दिसणारा आणि बाजूने दिसणारा. कपाट दारातून अगदी मापात आत आलं. टेबल मात्र बाहेर काढावं लागलं. कपाट भिंतीशी लागल्यावर लक्षात आलं, की आता दार वीतभरच उघडतं. नकाशात दाराची चौकट होती, दार उघडतं ही गोष्ट नव्हती. यापुढे त्या खोलीत शिरायचं तर श्वास सोडून, आडवं होऊन, एक हात आधी पाठवून शिरावं लागे. सासूबाईंना ते जमणार नव्हतं. हा त्या सबंध हिवाळ्यातला एकमेव फायदा.

टेबल नाही तर नाही, मी शेगडीजवळ सतरंजी टाकली आणि नियमावली उघडली. पहिलं पान वाचून झालं. उलटलं.

"वीऽऽऽक!"

पाचही एकदम. पितळी शिट्टी कानात फुंकावी तसा आवाज. मी दचकून पुस्तक टाकलं. ते कागदांचा सळसळाट करत पडलं, तशी पुन्हा "वीऽऽक!" आणि हवालदार जाळीला दोन पाय लावून उभा.

उलगडा चिमीने केला. "आई, मी पालक कागदात बांधून आणते ना. कागद वाजला की त्यांना वाटतं, आलं जेवण."

म्हणजे मी पान उलटलं की पाच जणांच्या तोंडाला पाणी सुटे आणि नंतर त्यांची घोर निराशा होई. नियमावली चारशे बारा पानांची होती. मी ओलं बोट लावून, श्वास रोखून, सुरुंगाची वात काढावी तसं पान उलटून पाहिलं. माणसाला ऐकू येणार नाही इतक्या हळू. त्यांना ऐकू आलं. पान उलटायच्या आधी पालकाची काडी द्यावी असाही प्रयोग केला. तेव्हा त्यांचा समज पक्का झाला, की या बाई पान उलटतात ते जेवायला घालण्यासाठीच. चार दिवसांत त्या पाचही जणांचं वजन वाढलं आणि मी पान एकतीसवर होते.

ह्यांना माझं दुःख दिसत नव्हतं असं मुळीच नाही. ह्यांना प्रत्येक दुःख दिसे, फक्त त्यावर नकाशा काढावासा वाटे. एका रविवारी ह्यांनी नकाशाचं मोठं मेणकापड आणलं, नळांचे नकाशे काढतात ते, न वाजणारं, आणि त्यावर नियमावलीतले महत्त्वाचे नियम, एक ते ऐंशी, आपल्या त्या एकसारख्या, सरळ अक्षरांत उतरवून काढले. सलग दोन रविवार बसले होते. सगळे नियम एका पानावर! उलटायची गरजच नाही. रजेच्या नियमांना निळी शाई, शिस्तभंगाला लाल. एका कोपऱ्यात सवयीने उत्तर दिशेचा बाण काढला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"त्याच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं," हे म्हणाले.

मी ते कपाटाच्या कडेला टांगलं आणि तीन दिवस खरोखर अभ्यास झाला. चौथ्या दिवशी कार्यालयातून आले तर खालचा डावा कोपरा नव्हता. नियम चव्वेचाळीस ते एकोणपन्नास ठिपकीच्या पोटात गेले होते. काठावर अर्धवर्तुळाकार दातांच्या खुणा होत्या, फार नीटनेटक्या.

"मेणकापड बाधेल का हो?" चिमीने जाऊन कंपाउंडरांना विचारलं.

"बाधेल," ते म्हणाले. "किंवा बाधणारही नाही. लक्ष ठेव."

मग आम्ही सगळे ठिपकीवर लक्ष ठेवून बसलो. माझ्यावर लक्ष ठेवावं असं कुणालाच वाटलं नाही.

इकडे फाइलला भूक लागली. वसाहत कार्यालयातून बोलावणं आलं. तिथला कारकून गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारा मफलर घालून बसे, म्हणून त्याला आम्ही मफलर म्हणायचो. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची माझी पहिलीच वेळ. तिथून काउंटर छातीपर्यंत येतो, हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

मफलरने तक्ता काढला. "गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी. यातलं काय?"

"यातलं काहीच नाही. गिनीपिग."

"तक्त्यात नाही." त्याने तक्ता माझ्याकडे फिरवला. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, जे तक्त्यात नाही ते खोलीत कसं असेल? नाहीच आहे समजा. घरी जा. चहा घ्या."

इतका शहाणा माणूस मी कुठल्याही कार्यालयात नंतर पाहिला नाही. मी तिथून निघून यायला हवं होतं. पण माझ्या हाताने केलेला, पोच घेतलेला अर्ज त्याच्यापुढे होता.

"पण ते आहेत," मी म्हणाले. "पाच आहेत."

मफलरने माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं. "बरं. आहेत म्हणता. मग ते काय आहेत, हे जनावरांच्या डॉक्टरकडून लिहून आणा."

जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे एक घोडा होता आणि मागे चार शेळ्या. माझ्या मांडीवर बुटांच्या खोक्यात हवालदार, नमुना म्हणून. घोड्याच्या मालकाने खोक्यात डोकावून "कशाचं पिल्लू?" असं विचारलं, आणि "पिल्लू नाही, एवढंच असतं," म्हटल्यावर चारचौघांत नेसूचं लुगडं सुटावं तसं मला ओशाळं वाटलं. डॉक्टर दमलेले होते. त्यांच्याकडचा छापील दाखला गुरांसाठीचा. आम्ही दोघांनी मिळून तो भरला. शिंगे : निरंक. खुरांची स्थिती : निरंक. दररोजचे दूध : निरंक. स्वभाव या रकान्याशी ते अडले. तोवर हवालदारने त्यांच्या डगल्याचं बटण तोडून तोंडात घेतलं होतं. त्यांनी लिहिलं, 'जिज्ञासू'.

"डॉक्टर, यांना थंडी बाधते का?" मी निघताना विचारलं.

"कुणाला नाही बाधत?" ते म्हणाले, आणि घोड्याकडे वळले.

मग तपासणी. मफलर स्वतः फीत आणि वही घेऊन आला. दारातून आडवा होऊन आत शिरला, शिरताना वही बाहेर राहिली, ती घ्यायला पुन्हा बाहेर गेला, पुन्हा शिरला. लांबी मोजली, रुंदी मोजली, मग उकिडवं बसून जनावरं मोजली. चार भरली. चिमी पांढरीफटक पडली. 'दोघां'पैकी एक नव्हता. कपाटाखाली पाहिलं, शेगडीमागे पाहिलं. शेवटी मफलरनेच खाली पाहिलं. त्याच्या मफलरचं जमिनीला टेकलेलं टोक 'दोघां'पैकी एक मन लावून खात होता. वीतभर संपलं होतं.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "मी दुसरा विणून देते," मी म्हणाले.

"असू द्या," मफलर म्हणाला. "फार लांब होता." आणि वहीत लिहिलं, 'पाचवे जनावर तपासनिसाच्या अंगावर आढळले.'

थंडीची आठ दिवसांची लाट तोवर सातव्या आठवड्यात आली होती. डिसेंबर संपत आला, आणि निर्णय आला. नियम नऊखाली निवासी खोलीसाठी परवानगी देता येत नाही. अर्ज नामंजूर. जनावरं तीन दिवसांत बाहेर काढावीत.

तीन दिवसांत बाहेर म्हणजे जगणार नाहीत. हे सांगायला कंपाउंडर लागत नव्हते. बाहेर अंगणात नळाच्या तोटीला बर्फाची सुळकी लोंबत होती. चिमीने तो कागद वाचला, घडी केली आणि मला परत दिला. "आई, तू लिहिलंस ना त्यांना?" एवढंच म्हणाली.

मी पुन्हा मफलरपुढे उभी राहिले. आता मफलर आखूड झाला होता.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "निवासी खोलीत जनावर चालत नाही. पण खोली निवासीच नाही, असं तुम्ही लिहून दिलंत तर? 'जनावरांची खोली' म्हणून नोंद करून टाकतो. छापील हमीपत्र आहे."

मी ते वाचलं. वाचल्याशिवाय मी कधी कशावर सही केलेली नाही. 'सदर खोलीत कोणीही मनुष्य वास्तव्य, शयन, भोजन अथवा अध्ययन करणार नाही.'

"अध्ययन?"

"छापील आहे, ताई."

"पण अध्ययनाने जनावरांचं काय बिघडतं?"

"ते मला काय माहीत? पूर्वी कुणी केलं असेल."

माझ्या डोळ्यांपुढे एका बाजूला ती कडी होती, आणि दुसऱ्या बाजूला ती बर्फाची चकती हातात घेतलेली मुलगी. मी सही केली.

घरी आल्यावर हे हसले. "अगं, छापील कागद तो. तू बस खुशाल आत. कोण बघायला येणार आहे?"

"मी बघते ना," मी म्हणाले.

माझी पुस्तकं मी त्याच दिवशी बाहेर काढली. वसाहतीतली इतर माणसं मला वेडी म्हणाली, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईने एकोणीस वर्षं दुसऱ्यांना त्यांच्या सह्या दाखवून गप्प केलं, तिने स्वतःची सही कुणाला दाखवू नये?

आता घरात शेगडी एकच, आणि ती जनावरांच्या खोलीत. मी अभ्यासाला जागा शोधत घरभर फिरू लागले. स्वयंपाकघरात बसले तर सासूबाई येऊन शेजारी बसत आणि मी वाचत असलेला नियम मोठ्याने वाचून दाखवायला लावत. "अर्जित रजा म्हणजे?" त्या विचारत. मी सांगे. "मला कधी मिळाली?" जिन्यावर बसले तर कंपाउंडर. दिवसातून आठ वेळा वर-खाली करत आणि दर वेळी थांबत. "वहिनी, थंड पायरीवर बसू नका, कंबर धरेल." वर जाताना. "वहिनी, एकदम उठू नका, चक्कर येईल." खाली येताना. शेवटी मी न्हाणीघरात बादली पालथी घालून बसले. तिथे कडी होती. पण घरात पाच माणसं नसून चारच आहेत आणि त्यातली एक मीच, हे लक्षात घेता उरलेल्या तिघांना एवढ्या वेळा न्हाणीघर कसं लागतं, हे मला कळलेलं नाही. शाल, त्यावर ह्यांचा कोट, हातमोजे. हातमोज्यांनी पान उलटत नाही. काढले तर बोटं उलटत नाहीत. भिंतीपलीकडून, शेगडीच्या उबेतून, मधूनच तृप्त गुरगुर ऐकू येई.

तरीही मी तयारी केली. कशी ते विचारू नका.

परीक्षेच्या दिवशी हे मला पोचवायला आले आणि फाटकाशी उभे राहून हात हलवत राहिले, मी शाळेत निघाल्यासारखे. मोठं सभागृह, दोनशे उमेदवार, बहुतेक माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. घंटा झाली, आणि दोनशे जणांनी एकदम प्रश्नपत्रिका उलगडल्या.

"थांबा, देते!" मी म्हणाले.

मोठ्याने. पर्यवेक्षक चालत आले. "काय देताय, बाई?"

"काही नाही."

"कुणाला देताय?"

काय सांगणार? त्यांनी मला उठवून पुढच्या, एकट्या बाकावर बसवलं, सगळ्यांना दिसेल असं. मसुदालेखनाचा पेपर मात्र मी असा लिहिला, की लिहिता लिहिता मलाच माझं कौतुक वाटलं. अर्ज, स्मरणपत्र, खुलासा, हमीपत्र, सगळं दोन महिने मी रोज जगलेच होते. नियमावलीच्या पेपरात तिसरा प्रश्न आला. 'नियम सेहेचाळीस सविस्तर लिहा.' मी डोळे मिटले. ते मेणकापड जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं. निळी शाई, लाल शाई, बाणसुद्धा. आणि खालच्या कोपऱ्यात अर्धवर्तुळाकार दातांच्या खुणा.

निकाल एप्रिलमध्ये लागला. मसुदालेखनात मी सगळ्या खात्यात पहिली. नियमावलीत अठ्ठेचाळीस. उत्तीर्ण व्हायला पन्नास.

घरी आले तेव्हा गिनीपिग अंगणात होते, पाचही, उन्हात लोळत. एकालाही साधी शिंकसुद्धा आली नव्हती. चिमी माझ्या तोंडाकडे बघून पालक चिरायला बसली. सासूबाई म्हणाल्या, "मेले, तपासायला बसतात आणि झोपा काढतात," आणि चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. त्यांनी मला करून दिलेला तो पहिला चहा. साखर घालायची राहिली होती, पण मी प्यायले.

दोन दिवसांनी हे एक अर्ज घेऊन आले. फेरतपासणीचा. सगळा स्वतः भरलेला, फक्त सही करायची. माझ्या हातात पेन दिलं.

"दोनच गुण तर आहेत," हे म्हणाले. "कर सही."

मी कागदाकडे पाहिलंही नाही. "नको."

"अगं, पण..."

"एक अर्ज केला, त्यात खोली गेली. हा केला तर आहेत ते अठ्ठेचाळीसही घेऊन जातील."

"तसं नसतं गं."

"कसं असतं ते मला माहीत आहे. मला आता कुणाकडे काही मागायचं नाही. सहीचाच धसका घेतलाय मी."

ह्यांनी आणखी एकदा पेन पुढे केलं. मी हात मागे घेतला. मग ह्यांनी कागदाची घडी केली आणि आत गेले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्या वर्षी अकरा जणांनी फेरतपासणी मागितली आणि त्यातल्या नऊ जणांचे गुण वाढले. तपासणाऱ्याने शेवटच्या पानाची बेरीजच धरली नव्हती. माझ्या शेजारच्या टेबलावरचा, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान असलेला सहकारी तीन गुणांनी गेला होता. त्याचे सहा वाढले. तो आमचा मुख्य कारकून झाला. चांगला मुलगा. मला ताई म्हणायचा आणि माझ्याकडे फाइल पाठवण्याऐवजी स्वतः घेऊन यायचा. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी, ज्या टेबलावर बसले होते त्याच टेबलावरून निवृत्त झाले.

हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात ह्यांची कंपासपेटी कुणाला तरी द्यावी म्हणून काढली. मखमलीच्या अस्तराखाली घडी केलेला एक कागद होता. उलगडला. फेरतपासणीचा अर्ज. सहीची जागा रिकामी. बाकी प्रत्येक रकाना नकाशावर लिहायचे त्याच सरळ, एकसारख्या अक्षरांत भरलेला. माझं नाव, आसन क्रमांक, विषय. शेवटचा रकाना होता, 'फेरतपासणी मागण्याचे कारण'. त्यापुढे ह्यांनी लिहिलं होतं, 'अर्जदार फार हुशार आहे. तिला कमी गुण पडणे शक्य नाही.'

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो अर्ज तपासले. असलं कारण कुठल्याही नियमात बसत नाही. माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो अर्ज त्याच दिवशी परत पाठवला असता.